माहेरवाशिणींचं पान

आमच्या प्राचार्या मॅडमनी मला एक वर्ष दिलं, तेही माझं तोंड बंद व्हावं म्हणून. धुळ्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात मी सत्तावीस वर्षं शिकवते आहे. विषय सामाजिक आरोग्य परिचर्या, म्हणजे दवाखान्याच्या भिंतीबाहेरचं नर्सिंग. एवढ्या वर्षांत माझ्या तोंडाची कीर्ती अशी झालीय, की शिपाई फाईल घेऊन आला तरी आधी दारातून डोकावून माझा चेहरा बघतो, आणि मगच आत यायचं की नाही ते ठरवतो.

भांडण कशावरून होतं ते आधी सांगते. आमच्याकडे मुलींना गावात नेण्याची एक ठरलेली पद्धत होती. वर्षातून काही दिवस बस काढायची, चार वाजेपर्यंत परत आणायची. मुली तक्ते लावायच्या, हात धुण्यावर एक नाटुकलं करायच्या, बायका टाळ्या वाजवायच्या, ग्रामपंचायतीसमोर फोटो निघायचा आणि वहीवर माझी सही व्हायची. गाव म्हणायचं, पोरी छान होत्या. गावाच्या तब्येतीत इकडची काडी तिकडे होत नसे. अशा किती वह्यांवर मी सह्या केल्या असतील, त्याची आज मला लाज वाटते. मग नवा अभ्यासक्रम आला. त्यात समाजाचं आरोग्य, लोकसंख्येचं आरोग्य असे शब्द पानोपानी होते. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी ते वाचलं आणि जुन्याच तक्त्यांना नवी सुतळी बांधायला घेतली.

मी मात्र हटून बसले. म्हटलं, दुसऱ्या वर्षाच्या वीस मुली मला द्या. एक गाव द्या. प्रत्येक मुलीला वीस घरं. आठवड्यातले दोन दिवस तिनं त्याच घरांत जायचं, वर्षभर. आहारशास्त्र त्या घरांच्या चुलीपाशी शिकायचं, जंतू त्यांच्या पाण्याच्या हौदाशी. नवीन चेहरे नकोत, तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटू देत.

मॅडम म्हणाल्या, "आणि वॉर्ड कोण सांभाळणार? तुमचं गाव?"

त्यांचं चूक नव्हतं, हेही सांगायला हवं. मॅडम साध्या स्टाफ नर्सपासून वर आलेल्या. तीस वर्षं रोग्याच्या उशाशी उभं राहिलेली बाई. ज्या मुलीला चादरीचा कोपरा नीट मोडता येत नाही ती नर्स नव्हे, असं त्यांचं मत, आणि त्या कोपऱ्यामागे त्यांची सगळी शिस्त उभी. शिवाय खरं बोलायचं तर वॉर्डाचं निम्मं काम विद्यार्थिनींच्या हातांवर चालतं. वीस जोड हात उचलून मी गावात नेले, तर वॉर्ड लंगडा पडणार होता.

शेवटी त्यांनी अट घातली. "एक वर्ष. वॉर्डात उभं राहून झालंच नसतं असं एक काम या मुलींनी मला दाखवायचं. एकच. नाही दाखवलं, तर पुढच्या वर्षी मुली वॉर्डात, आणि हा विषय तुम्ही माझ्यासमोर परत काढायचा नाही." मी लगेच हो म्हटलं. बाहेर आल्यावर कपाळावर हात मारून घेतला. वर्षभरात करायचं काय, याचा मला स्वतःलाच पत्ता नव्हता.

गाव मिळालं ते नरडाण्याच्या अलीकडचं. पुरुष बरेचसे एमआयडीसीत, बायका कापसात. पहिल्या दिवशी आम्ही पांढऱ्या गणवेशात उतरलो आणि गल्लीतली लेकरं रडत घरात पळाली. पांढरे कपडे म्हणजे सुई, हे त्यांना पाळण्यातच कळलेलं असतं. दारं भराभर लागली. पारावर बसलेल्या एका आबांनी आमची रांग वरपासून खालपर्यंत न्याहाळली आणि विचारलं, "काय व माय, निवडणूक उनी का?"

दुसऱ्या खेपेपासून गणवेश बंद केला. साधे पंजाबी ड्रेस आणि गळ्यात ओळखपत्र. कॉलेजात त्यावरून ओरडाआरडा झाला, तो मी झेलला. झेलायची सवय आहे मला.

माझ्या वीस जणींमध्ये एक मुलगी होती यावलकडची, केळीच्या पट्ट्यातली. अंगानं बारीक, बोलणं कमी, आणि बोलली तर तिकडच्या वळणाचं. शाळेला शाया म्हणायची. गावातल्या बायका तिला मुद्दाम बोलतं करायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. अहिराणी ऐकत वाढलेल्या बायकांना ते बोलणं म्हणजे करमणूकच. ती हसू द्यायची. वॉर्डात तिची गत वाईट होती. हात सावकाश, चादरीचे कोपरे लोंबते, प्रात्यक्षिकात सगळ्यांत कमी गुण. मॅडमनी तिचं नाव वाचूनच माझ्याकडे पाहिलं होतं, की ही तुमच्या यादीत आहे होय, मग बघायलाच नको. मीसुद्धा मनात म्हटलं होतं, ही बुडवणार मला.

आधी मोजणी करायची ठरवली. ज्यांची काळजी घ्यायची ती माणसं आहेत किती, हे कळल्याशिवाय पुढे कसं जाणार? फॉर्म मी बनवला. तीन रविवार खपून, शाळेतल्या मुलालाही कळेल असा. घरात जण किती, वय काय, गरोदर कोण, आजारी कोण. मुलींनी आषाढभर दारोदार फिरून चारशे घरं भरली. त्यातून एक मोठा नकाशा काढला, गरोदर बाईच्या घरावर लाल टिकली, म्हाताऱ्यांच्या घरावर निळी. तो कॉलेजच्या जिन्याशी लावला तेव्हा मी दिवसातून चार वेळा काहीतरी निमित्त काढून त्या जिन्यानं वर गेले. गरोदर बायका अगदी कमी निघाल्या होत्या. मला वाटलं, वा, गाव शहाणं आहे. अशी मी हुशार.

श्रावण लागला. कानबाईचे दिवस आले. आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते ती नागपंचमीनंतरच्या रविवारी, आणि त्याआधी घराघरात तिच्या नैवेद्याच्या रोटाचं धान्य मोजतात. घराण्याघराण्यात रीत थोडी वेगळी असते. पण माझ्या एरंडोलच्या माहेरी होती तशीच त्या गावातही होती. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात घ्यायचा. कामाला परगावी गेलेला मुलगा असेल तर त्याच्या नावाची मूठ आधी. लग्न होऊन गेलेली लेक मात्र त्यात धरायची नाही. तिची मूठ सासरच्या सुपात. लहानपणापासून मी हे पाहिलेलं, आणि त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या आठवड्यातल्या शुक्रवारी मी शाळेच्या ओट्यावर मुलींच्या वह्या तपासत बसले होते. केळीपट्ट्यातली ती मुलगी आली आणि नुसतीच उभी राहिली.

"काय गं? बोल की. मुहूर्त पाहिजे का?"

"मॅडम, माझ्या अकराव्या घरी जण पाच आहेत. बायका दोनच, सासू आणि सून."

"मग?"

"दोरीवर मॅक्सी तीन आहेत."

मी म्हटलं, अगं सुनेच्या दोन असतील, तुला दुसरं काही काम नाही का? ती म्हणाली, "एक फार मोठ्या मापाची आहे. मी तीन खेपा बघतेय. आमच्याकडे बागेत शिरलं की घड मोजायची सवय असते." आणि तशीच उभी राहिली. हलेचना. मी वैतागून चप्पल सरकवली आणि तिच्यामागे निघाले.

त्या घरात ओसरीवर घरधनीण सूप घेऊन बसलेली. मोठ्या आवाजात नाव घेत मुठी टाकत होती. नवरा, ती स्वतः, मोठा मुलगा, सून, आणि सुरतेला यंत्रमागावर असलेला धाकटा. पाच. आमच्या फॉर्मवर लिहिलेले तेच पाच. वर्षातून दोनदा घरी येणारा धाकटा आमच्या नकाशात होता. मी त्या सुपाकडे बघतच राहिले.  मोजणी आम्ही कसली केली होती? घरोघरच्या बायकांनी आम्हाला रोटाचा हिशोब सांगितला होता आणि आम्ही तो वळणदार अक्षरात उतरवून घेतला होता.

मुलीनं विचारलं, "मावशी, आत कोण आहे?"

"मनी पोर शे. बाळंतपणले उनी." मग आमच्या चेहऱ्याकडे पाहून तिला नवल वाटलं. "ती ते पाव्हनी शे व माय. तिले कसाले लिखस?"

आतल्या खोलीत लेक भिंतीला टेकून बसली होती. आठवा महिना. तोंड सुजलेलं, डोळे बारीक झालेले, बांगड्या मनगटात रुतलेल्या. दोन दिवसांपासून डोकं दुखत होतं. घरात सगळ्यांनी पित्त म्हणून आलं-लिंबू दिलं होतं. सासरच्या गावच्या आशाताईच्या वहीत तिच्या नावापुढे 'माहेरी गेली' असं लिहिलेलं, आणि माहेरच्या गावाला ती आपली वाटत नव्हती. दोन गावांच्या मधल्या फटीत ही बाई पडली होती, आणि आम्ही आठवड्यातून दोनदा तिच्या दारावरून जात होतो.

मी ओरडले. खोटं कशाला बोलू? "अहो, लेकीचा जीव जाईल, आत्ताच्या आत्ता धुळ्याला न्या!" असं ओसरी दणाणून सोडली. त्यावर आईचा चेहरा बंद झाला. तिचंही सरळ होतं. रविवारी कानबाई. जावयाला विचारायला हवं, जावई फोन उचलेना. आणि पहिलटकरीण आहे, सूज सगळ्यांना येते. मी आणखी आवाज चढवला, ती आणखी गप्प झाली. पालथ्या घड्यावर पाणी.

तेवढ्यात माझ्या त्या सावकाश मुलीनं पिशवीतून बीपीचं यंत्र काढलं. लेकीकडे गेलीच नाही. आईच्या शेजारी खाली बसली आणि म्हणाली, "मावशी, आधी तुमचं बघू." आईनं हात पुढे केला. "हे बघा, काटा इथं आला. एकशे तीस. तुमच्या वयाला ठीक आहे." मग सुनेला बोलावलं. "वहिनींचं इथं. एकशे दहा." मग सगळ्यांना घेऊन आत गेली आणि लेकीच्या दंडाला पट्टा बांधला. काटा एकशे साठवर थरथरू लागला तेव्हा तिनं एक अक्षर उच्चारलं नाही. यंत्र तेवढं आईकडे वळवून धरलं.

आईनं काटा पाहिला, लेकीकडे पाहिलं आणि उठली. "जवाईले मी सांगसू," एवढंच म्हणाली, आणि पिशवी भरायला लागली. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. सत्तावीस वर्षं मी संवादकौशल्यावर व्याख्यानं देते आहे, आणि त्या दिवशी कॉटखाली सरकून बसावंसं वाटलं मला.

धुळ्याला आमच्या कॉलेजच्या दवाखान्यात पोचायला पाऊण तास लागला. तिला लगेच दाखल केलं, सुया सुरू झाल्या, चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. मुलगी झाली. बाळ काही दिवस काचेत ठेवावं लागलं, पण दोघी सुखरूप घरी गेल्या.

मी छाती पुढे काढून मॅडमच्या केबिनमध्ये शिरले. म्हटलं, घ्या, झालं तुमचं एक काम. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मुलीनं यंत्र कसं दाखवलं ते परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "छान केलं पोरीनं. पण वाचवलं कोणी? वॉर्डानंच ना? तिथं रात्रंदिवस जाग नसती तर तुमचा काटा काय कामाचा होता?"

मी आल्या पावली परत फिरले.  घरी जाऊन मी भाजी करपवली, नवऱ्याशी बोलले नाही. मॅडमचा राग येत होता आणि त्याहून जास्त स्वतःचा. फॉर्म कोणी बनवला होता? मी. एरंडोलच्या बाईनं, जिनं आपल्या आईला सुपात मुठी टाकताना पाहिलंय. माझं स्वतःचं पहिलं बाळंतपण माहेरीच झालेलं, तेव्हा मी कोणाच्या वहीत होते? कोणाच्याच नसेन. परक्या मुलुखातून आलेल्या माणसाची ही चूक मी समजू शकले असते. आपल्याच घरातली रीत, आणि तीच दिसू नये! काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी गत माझी.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी मुलींना सगळं सांगितलं. चूक माझी आहे, असं फळ्यासमोर उभं राहून म्हणाले. मुलींच्या चेहऱ्यावर भीती दिसली, त्यांना वाटलं माझी तब्येत बिघडली. मग मी म्हटलं, प्राचार्या मॅडम बरोबर बोलल्या, एक बाई आपल्याला अवचित सापडली. दोरीवरच्या मॅक्सीवर किती दिवस विसंबायचं? तशा आणखी किती आहेत?

नवा फॉर्म या वेळी मी बनवला नाही. मुलींनी बनवला, तोही गावातल्या बायकांमध्ये बसून, शेंगा फोडता फोडता. जण किती हा प्रश्न त्यांनी शेवटी नेला. पहिला प्रश्न ठेवला, लेकी कुठं कुठं दिल्यात? काय सांगू, जी बाई आधी दोन शब्दांत बोळवण करायची ती या प्रश्नावर अर्धा अर्धा तास बोलायला लागली. कुठल्या गावी दिली, सासू कशी आहे, जावई पितो की नाही, आणि मग आपसूकच, "आत्ता आलीय ना ती, आतच बसलीय, सातवा लागलाय." दुसरा प्रश्न होता, तुमची कुठली सून माहेरी गेलीय आणि कुठं? त्यावर सासवा बोलायला अधिकच उत्सुक.

पितृपक्ष संपेपर्यंत चारशे घरं पुन्हा झाली. नऊ लेकी आलेल्या निघाल्या आणि पाच सुना गेलेल्या. आधीच्या नकाशावर नऊंपैकी एकीचीही टिकली नव्हती, आणि पाच सुनांच्या टिकल्या होत्या त्या घरांत त्या नव्हत्याच. नऊंमधल्या दोघींच्या अंगात रक्त नावालाच. एकीचं पहिलं बाळंतपण ऑपरेशननं झालेलं, आणि हे तिनं माहेरच्या आशाताईला सांगितलंच नव्हतं, कारण तिला कोणी विचारलंच नव्हतं. मुलींनी वहीत एक वेगळं पान आखलं. त्यावर प्रत्येकीची दोन्ही गावं, दोन्हीकडच्या आशाताईंचे फोन, आणि शेवटी कोणाशी कधी बोलणं झालं ते. वर मथळा दिला, 'माहेरवाशिणींचं पान'. ज्या पाच सुना दुसऱ्या गावी गेल्या होत्या त्यांना मुली फोन करायच्या, आणि त्या त्या गावच्या आशाताईलाही करायच्या. एक आशाताई सुरुवातीला खवळली, की तू कोण मला शिकवणारी? केळीपट्ट्यातल्या मुलीनं तिला चार वेळा फोन केला. पाचव्यांदा त्या ताईनंच हिला केला, की तुमच्या गावची आणखी एक आलीय बरं का.

दिवाळी झाली, कापूस फुटला, थंडी पडली आणि मॅडम म्हणाल्या, आता मी येते. सोबत दोन ज्येष्ठ शिक्षिका. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली होती. मी रात्रभर झोपले नव्हते, आणि सकाळपासून मुलींवर एवढी खेकसत होते, की शेवटी एकीनं मला चहा आणून दिला आणि म्हणाली, मॅडम, तुम्ही जरा बसा.

मॅडमनी एकेकीला बोलावलं. परीक्षा वॉर्डासारखीच. हात धुवून दाखव, जखम बांधून दाखव, औषधाचा डोस मोजून सांग. मुली पास झाल्या, थोड्या अडखळत. मग त्यांनी केळीपट्ट्यातल्या मुलीला समोर बसवलं.

"वॉर्डात तुला सगळ्यांत कमी गुण आहेत, माहीत आहे ना?"

"हो मॅडम."

"चादरीचे कोपरे अजून येत नाहीत."

"आता थोडे येतात."

मॅडमनी वही मागितली. ते पान उघडलं. चष्मा वर करून एकेक ओळ वाचली. बराच वेळ लागला त्यांना. मग बोट पानावर ठेवून म्हणाल्या, "चांगलं आहे. पण हे काम वॉर्डात झालं नसतं कशावरून? वॉर्डातही आमच्याकडे प्रत्येक बाईची नोंद असते. नाव, गाव, माहेर, सासर, सगळं."

मी तोंड उघडणार होते. कसं मिटून धरलं ते माझं मला माहीत.

 मुलगी बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता. "मॅडम, वॉर्डात आलेल्या बायकांची नोंद असते. ही न आलेल्यांची आहे."

 मॅडमनी पुन्हा पानाकडे पाहिलं. मला त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. वाटलं, गेलं सगळं, आता म्हणतील, फार बोलतेस. त्यांनी वही मिटली, मुलीला परत दिली आणि तिला म्हणाल्या, "जपून ठेव." माझ्याकडे वळल्या. "पुढच्या वर्षीपासून सगळा वर्ग गावात. साठच्या साठ. तीन गावं शोधा."

मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर, सतरंजीवर बसून, नाक ओढत मी रडले. मुली हसत होत्या, माझ्याकडे बघून त्यांनाही रडू येत होतं. कौतुक, अभिमान हे शब्द मी दर वर्षी निरोप समारंभात वापरते. पण अभिमान म्हणजे काय असतो ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या त्या लोंबत्या कोपऱ्यांच्या पोरीनं मॅडमसारख्या बाईला गप्प केलं होतं. तेही उद्धटपणानं बोलून नव्हे, जे खरं होतं तेवढं सांगून.

पण मॅडम त्या मॅडमच. गाडीत बसता बसता म्हणाल्या, "आणि वॉर्डाचं काय? माझे साठ जोड हात तुम्ही नेताय. ते कुठून आणू? तुम्हीच या. तुमच्या गावाच्या दिवशी मुली एकट्या जाऊ शकतील एवढ्या तयार झाल्यात. त्या दोन्ही दिवशी सकाळी प्रसूती वॉर्डात मला तुम्ही पाहिजे आहात. पुढच्या वर्षीची वाट कशाला? सोमवारपासूनच."

चोपन्न वर्षांची मी. वॉर्ड सोडून मला दोन तपांहून जास्त काळ झाला होता. नवरा म्हणाला, हौस फिटली का भांडायची? फिटली नव्हती, पण गेले. पहिल्या दिवशी कंबर धरली. चादरीचे कोपरे मलाही जमेनात, हे मी कोणाला सांगितलं नाही. स्टाफ नर्सेस माझ्या हाताखाली शिकलेल्या. त्या तोंडावर हसत नव्हत्या एवढंच.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. सकाळचे दहा वाजले असतील. पारोळ्याकडून एक बाई आईबरोबर वॉर्डात आली. चालत आली. पोट मोठं, पण चेहरा टवटवीत, हातात कपड्यांची नीट भरलेली पिशवी. आमच्या वॉर्डात अशा बायका क्वचित येतात. बहुतेक जणी दोघांच्या खांद्यावर येतात, कळा देत, रडत, उशीर करून.

मी म्हटलं, "काय त्रास होतोय?"

"काहीच नाही. पहिलं ऑपरेशन झालंय माझं. या वेळी आधीच येऊन दाखल व्हा म्हणाली."

"कोण म्हणाली? डॉक्टर?"

"नाही हो, पोरगी आहे एक. माझ्या सासरी, नरडाण्याकडच्या गावात येते. महिनाभर फोन करतेय मला. तारीख लिहून घ्या म्हणते, गाडी ठरवून ठेवा म्हणते. काल रात्री माझ्या भावाशीच बोलली ती. जरा वेगळंच बोलते, पण गोड आहे."

मी तिला कॉट दिली, बीपी घेतलं. खात्री व्हावी म्हणून दोनदा घेतलं. ठीक होतं. मग दाखल करण्याचं रजिस्टर उघडलं. नाव, वय, गाव लिहिलं. शेवटचा रकाना असतो, कोणी पाठवलं. तिथं डॉक्टरचं नाव येतं, नाहीतर आरोग्य केंद्राचं, आणि आपली आपण आली असेल तर 'स्वतः'. मी लिहिलं, 'दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी'.

अकराच्या फेरीला मॅडम आल्या. रजिस्टर त्या रोज बघतात, हातात लाल पेन असतं, आणि रकान्यात कोणी काही भलतंसलतं लिहिलेलं त्यांना खपत नाही. त्या ओळीवर येऊन थांबल्या.

"हे असं लिहितात का?"

"पाठवलं तिनंच, मॅडम."

त्यांनी कॉटवरच्या बाईकडे पाहिलं. ती पाय लांब करून, उशीला टेकून आईशी गप्पा मारत होती. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. मी मनात म्हटलं, खोडतायत, खोडू देत. त्यांनी 'विद्यार्थिनी'च्या आधी एक छोटी खूण केली, वर लाल शाईत 'आमची' असं लिहिलं, खाली सही केली आणि पुढच्या कॉटकडे गेल्या.